घरी भरलेली काडतुसं

माझ्या लेकीला नेमबाजी मी शिकवली. उभं कसं राहायचं, श्वास कुठे थांबवायचा, ट्रिगर हिसका देऊन ओढायचा नाही तर सावकाश दाबत न्यायचा, हे सगळं ती माझ्याकडून शिकली आणि आता बऱ्याचदा माझ्यापेक्षा चांगली मारते. एक गोष्ट मात्र ती शिकली नाही, आणि शिकणारही नाही असं तिनं मला स्वच्छ सांगून टाकलंय. ती काडतुसं विकत आणते. मी माझी घरी भरते. या एका विषयावर आमचं जेवढं बोलणं झालंय तेवढं तिच्या लग्नाबद्दलही झालेलं नाही.

मी ॲनेस्थेटिस्ट, भूल देणारी डॉक्टर. पुण्यात मेडिकलला असताना एनसीसीत होते, तिथे पहिल्यांदा रायफल हातात आली आणि जमली. मग इंग्लंड. परीक्षा, ऑन-कॉल, दर थोड्या महिन्यांनी नवं हॉस्पिटल, नवी भाड्याची खोली. रायफल कुठल्या कुठे राहिली. कन्सल्टंट झाले, लंडनच्या कडेला स्टॅनमोरला घर घेतलं, लेक शाळेत जायला लागली, तेव्हा एका शनिवारी गावाबाहेरच्या एका शूटिंग क्लबचा ओपन डे होता म्हणून सहज गेले आणि फॉर्म भरूनच परत आले.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये साधं पिस्तूल बाळगायला बंदी आहे. क्लबातसुद्धा नाही. ज्यांना पिस्तुलाचा खेळ सोडवत नाही त्यांच्यासाठी एक वाट उरली आहे, ती म्हणजे लांब नळीचं रिव्हॉल्वर. नळी फूटभर लांब, आणि मुठीच्या मागे हाताला समांतर एक लोखंडी दांडा. दोन्ही मिळून लांबी कायद्यात बसते आणि कोटाखाली काही लपत नाही. मी माझं पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा नवरा बराच वेळ ते निरखत होता. आम्ही कॉलेजातले वर्गमित्र, त्यामुळे एकमेकांची भीड नाही. तो म्हणाला, "अगं, हे रिव्हॉल्वर आहे की छत्री?"

सुरुवातीला मीही काडतुसं विकतच आणत होते. दुकानात जायचं, बंदुकीच्या परवान्याचं सर्टिफिकेट दाखवायचं, ते जी देतील ती डबी घ्यायची. पण टार्गेटसाठी जी हलकी, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडणारी काडतुसं लागतात ती कधी मिळायची, कधी नाही. एका डबीची गोळी मधोमध लागायची, तर त्याच कंपनीची पुढची डबी दोन बोटं खाली. मी नेम धरायची साइट सरकवत बसायची. माझं चुकतंय की डबीचं, हे कळायला मार्ग नाही. याचा मला फार राग यायचा. आमच्या कामात पेशंटचं ब्लड प्रेशर पडलं तर कारण शोधायचं असतं, आणि कारण शोधायचं तर आधी आपण काय दिलं हे पक्कं माहीत असावं लागतं.

क्लबमध्ये एक वेल्श बाई होती. शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेली, अतिशय बोलकी, आणि काडतुसं भरण्यात मुरलेली. तिनं मला एका रविवारी घरी बोलावलं. गॅरेजमध्ये टेबलाला घट्ट बसवलेला एक प्रेस, म्हणजे लांब दांड्याचं हातयंत्र. रेंजवर वेचून आणलेल्या रिकाम्या पितळी केसेस धुऊन चकचकीत केलेल्या. दांडा खाली ओढला की केस पुन्हा मूळ मापाची होते. बुडाशी नवा प्रायमर बसतो, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी. मग आत मोजून दारू, वर शिशाची गोळी, आणि शेवटी कडा किंचित आत वळवायची. झालं काडतूस. ती सगळा वेळ बोलत होती, पण दारू मापायची वेळ आली की गप्प व्हायची. मला ते फार ओळखीचं वाटलं. ऑपरेशन थिएटरमध्ये माझंही तसंच आहे.

त्या वर्षी मी प्रेस घेतला. आमच्या वरच्या मजल्यावरची छोटी खोली, जिथे सुटकेसेस आणि लेकीची जुनी प्रोजेक्ट्स पडली होती, ती रिकामी केली. पोलिसांकडचा ऑफिसर येऊन कपाट, कुलपं सगळं बघून गेला. पुण्याला भावाशी व्हिडिओ कॉल चालू असताना मी नवऱ्याला म्हणाले, "दारू संपत आलीय, शनिवारी आणायला पाहिजे," तर भाऊ एकदम गंभीर झाला. त्याला समजावून सांगेपर्यंत वहिनी स्क्रीनमध्ये येऊन बसली होती.

लोक विचारतात, घरी भरलं की स्वस्त पडतं का? नाही पडत. तेवढ्याच पैशात जास्त मारता, एवढंच. माझ्यासाठी तो मुद्दाच नव्हता. मला हवी तशी हलकी दारू, मला हवी ती गोळी, मला हवा तो मऊ प्रायमर, आणि ट्रेमधल्या प्रत्येक केसमध्ये गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून डोकावणारे डोळे माझे स्वतःचे. दोन-तीन महिन्यांत माझी भोकं कागदावर एकत्र यायला लागली. तेव्हापासून एखादा शॉट बाहेर गेला तर तो माझा गेला, हे मला माहीत असतं. हे माहीत असण्यात मोठं सुख आहे.

लेक इथेच जन्मली, इथेच वाढली. क्लबच्या ज्युनिअर सेक्शनमधून पुढे आली, पुढे स्वतःचं सर्टिफिकेट, स्वतःचं रिव्हॉल्वर. युनिव्हर्सिटीसाठी एडिनबराला गेली आणि तिथेच एका पेन्शन कंपनीत रिस्कचं काम करते. तिथला क्लब जॉइन केला, पण आमच्या क्लबची मेंबरशिप सोडली नाही. तिचं मराठी चांगलं आहे, फक्त तो-ती-ते तिच्या मर्जीनं येतात.

"आई, माझ्याकडे फक्त वीकेंड असतो," ती फोनवर म्हणायची. "त्या वीकेंडला मी प्रॅक्टिस करू का केसेस धुवू? तू ज्या वेळात भरतेस त्या वेळात मी मारते."

"आणि डबीत काय आहे ते तुला कुठे माहीत असतं?"

"फॅक्टरीला माहीत असतो. त्यांच्याकडे मशीन आहे, टेस्टिंग आहे. तू एक बाई आहेस एका रूममध्ये."

मी म्हणायची की त्या एका बाईनं तीस वर्षं स्वतःच्या सिरिंजेस स्वतः भरल्या, स्वतः लेबल लावलं, आणि दुसऱ्यानं भरलेली सिरिंज कधी हातात धरली नाही. यावर एकदा तिनं मला बरोबर पकडलं.

"पण आता तुमच्याकडे प्री-फिल्ड सिरिंजेस आल्या ना? फॅक्टरीतून भरून. तूच म्हणालीस दे आर ब्रिलियंट."

म्हणाले होते खरी. इमर्जन्सीत हाताशी भरलेली, सील केलेली सिरिंज असणं किती चांगलं, हे मी जेवणाच्या टेबलावर कौतुकानं सांगितलं होतं. मी म्हणाले, "त्या सिरिंजेस आधी तपासून, एकाच बॅचच्या येतात. तुझ्या दुकानात बॅच कुठली येते ते तुला कोण सांगतं?" ती हसली. फोनवर ते हसणं म्हणजे पॉइंट कुणाचाच झाला नाही असं आमच्यात धरतात.

गेल्या उन्हाळ्यात सरे परगण्यातल्या मोठ्या रेंजवर मॅच होती. सकाळी प्रत्येकाची वैयक्तिक, दुपारी जोड्यांची. आम्ही दोघींनी जोडी म्हणून नाव दिलं होतं. मायलेकींची जोडी एवढी एकच होती. ती आदल्या दिवशी एडिनबराहून गाडी चालवत आली, संध्याकाळी पोचली, आणि भरल्या वांग्यांवर तुटून पडली. जेवण झाल्यावर तिनं रिव्हॉल्वर माझ्या कपाटात ठेवायला दिलं आणि काडतुसांच्या डब्या टेबलावर काढल्या. डब्यांचा रंग वेगळा होता.

"हे नेहमीचं नाही," मी म्हणाले.

"नेहमीचा ब्रँड शॉर्ट आहे. कधी येणार त्यांनाही माहीत नाही. पण हा सेम स्पेसिफिकेशन आहे, आई. सेम वेट, सेम स्पीड."

"मारून पाहिलीस?"

"ऑफ कोर्स. दोन टार्गेट कार्ड्स मारली. ब्यूटिफुल ग्रुप, सगळी भोकं एका जागी."

"हॅमर मागे ओढून, का नुसता ट्रिगर दाबून?"

तिनं एक डबी उचलून परत ठेवली. रिव्हॉल्वर दोन तऱ्हांनी मारता येतं. अंगठ्यानं हॅमर, म्हणजे प्रायमरवर आपटणारा खटका, मागे ओढायचा आणि मग हलकेच ट्रिगर दाबायचा. सावकाशीच्या फेरीत असंच मारतात. किंवा सरळ ट्रिगरच दाबत न्यायचा, हॅमर आपोआप मागे जाऊन पडतो; याला डबल ॲक्शन म्हणतात. वेळ कमी असते तेव्हा तसं मारावं लागतं. दुसऱ्या पद्धतीत हॅमरचा घाव जरा हलका बसतो. त्यात लेकीनं ट्रिगर मऊ लागावा म्हणून हॅमरची स्प्रिंग गनस्मिथकडून नरम करून घेतलेली.

"हॅमर ओढून," ती म्हणाली. "पण इट्स फाइन, आई. प्रायमर इज प्रायमर."

मी विषय तिथेच सोडला आणि डब्याही कपाटात ठेवल्या. मॅचच्या आदल्या दिवशी दुसऱ्याच्या मनात शंका घालणं हे मी थिएटरमध्ये ज्युनिअर्सनाही करू देत नाही. शिवाय ती तीस वर्षांची होती आणि रिव्हॉल्वर तिचं होतं.

सकाळी ढगाळ उजेड होता, टार्गेटवर सावल्या नाहीत, वारा नाही. मला हवी तशी हवा. माझी वैयक्तिक फेरी छान झाली. मी निवांत होऊन मागे येऊन उभी राहिले आणि दुर्बिणीतून लेकीचं टार्गेट बघू लागले. सावकाशीची फेरी तिनं अशी मारली की शेजारच्या लेनवाल्यानंही मागे वळून बघितलं. सगळी भोकं काळ्याच्या मधोमध, एकमेकांना चिकटून.

मग जलद फेरी. टार्गेट फिरून समोर येतं, काही सेकंद राहतं, परत आडवं होतं. पहिला शॉट गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला नुसती टिक.

न फुटलेलं काडतूस ही या खेळातली सगळ्यात शांतपणे घ्यायची गोष्ट आहे. ते उशिरानं फुटू शकतं. नळी टार्गेटकडेच ठेवायची, हलायचं नाही, थांबायचं. लेक तशीच थांबली. तिचा खांदासुद्धा हलला नाही. समोर टार्गेट आडवं झालं, तिची वेळ संपली. रेंज ऑफिसर मागे येऊन उभा राहिला, मग त्यानं काडतुसांचा फिरता सिलिंडर उघडायला सांगितला. पुढच्या फेरीत पुन्हा टिक. त्याच्या पुढच्या फेरीत दोनदा. त्या मॅचच्या नियमांत काडतुसाच्या दोषाला माफी नाही. न गेलेला शॉट म्हणजे गेलेले पॉइंट्स.

रेंज ऑफिसर भला माणूस होता. त्यानं एक न फुटलेलं काडतूस उजेडाकडे धरून तिला दाखवलं. प्रायमरवर हॅमरचा ठसा होता, पण अगदी उथळ, नखानं दाबल्यासारखा. "हार्ड प्रायमर्स, लाइट स्प्रिंग," तो म्हणाला, आणि पुढच्या लेनकडे गेला.

आम्ही गाडीची डिकी उघडून तिथेच बसलो. मी थर्मासमधला चहा ओतला, सकाळी केलेल्या मेथीच्या पराठ्यांचा डबा पुढे केला. तिनं पराठा घेतला पण नुसताच हातात धरला. दुपारची जोडीची मॅच अडीच तासांवर होती. रेंजवरच्या दुकानात तिनं विचारून पाहिलं होतं. त्यांच्याकडे होती ती काडतुसं त्याच कंपनीची.

"तुझ्याकडे एक्स्ट्रा आहेत ना?" ती म्हणाली. "तुझे प्रायमर सॉफ्ट आहेत. माझ्या रिव्हॉल्वरमध्ये चालतील."

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे नाहीत?"

"आहेत. पण तुझ्या रिव्हॉल्वरसाठी नाही देणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी इंजेक्शन द्यायच्या आधी असं बघायची. "तू मला ट्रस्ट करत नाहीस?"

"तुला करते. तुझ्या रिव्हॉल्वरशी माझी ओळख नाही. ही काडतुसं मी माझ्या सिलिंडरसाठी, माझ्या नळीसाठी जमवत आणलीत. तुझ्यात एकही कधी घालून पाहिलेलं नाही."

"आई, सेम कॅलिबर आहे. इट विल बी फाइन."

"बहुतेक होईल. पण 'बहुतेक'वर मी कुणाला झोपवत नाही."

तिला राग आला. आवाज चढवायची तिची पद्धत नाही. ती इंग्लिशमध्ये जाते. ती म्हणाली की हे टिपिकल आहे, की मला तिला धडा शिकवायचा आहे, की आपण विदड्रॉ करू आणि घरी जाऊ. मी तिला बोलू दिलं. माझ्या मनात धडाबिडा काही नव्हता. मला ती मॅच मारायची होती. चहा पिता पिता मी तोच विचार करत होते, आणि उत्तर मला मिळालं होतं.

"माझं रिव्हॉल्वर घे," मी म्हणाले. "जोडीत आधी एक मारते, मग दुसरी. पहिल्या डिटेलला, म्हणजे पहिल्या पाळीला, मी मारते, दुसऱ्याला तू. रिव्हॉल्वर माझं, काडतुसं माझी. त्या दोघांनी एकमेकांना नीट ओळखलंय."

तिनं पराठ्याचा एक तुकडा खाल्ला. मग म्हणाली, "पण तूच शिकवलंयस की दुसऱ्याची रीलोड्स कधी मारायचा नाही. नेव्हर, एव्हर. स्वतःच्या आईची पण नाही, असं म्हणाली होतीस."

शब्दशः म्हणाले होते. आणि ते चूक नव्हतं. दुसऱ्यानं घरी भरलेलं काडतूस म्हणजे त्या माणसाचं त्या दिवशीचं लक्ष, त्याची झोप, त्याचा फोन वाजला होता की नाही, हे सगळं आपल्या चेहऱ्यासमोर धरायचं. दारू दुप्पट पडली असेल तर सिलिंडर फुटतो. पडलीच नसेल तर गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी येते.

"तर मग विचार मला," मी म्हणाले. "पेशंट विचारतात तसं. काय विचारायचं ते विचार, आणि पटलं नाही तर आपण घरी जाऊ. मी रागावणार नाही."

तिनं खरोखर विचारलं. पाय डिकीतून खाली सोडून, चहाचा कप मांडीवर ठेवून, ऑफिसात एखाद्या कंपनीची चौकशी करावी तशी. दारू कुठली? तेवढ्या मापात दुप्पट पडली तर बाहेरून दिसेल का? मी म्हणाले, "केस जवळजवळ काठोकाठ होईल, आंधळ्यालाही दिसेल, म्हणून तर ती निवडलीय." भरताना टीव्ही, रेडिओ? नाही. मध्येच कुणी हाक मारली तर? "ट्रेमधल्या सगळ्या केसेस उलट्या करून पहिल्यापासून सुरुवात. तुझे बाबा आता हाकच मारत नाहीत, जिन्यात उभे राहून वाट बघतात." कधी काही फसलंय? एकदा एक प्रायमर आडवा बसला होता. तो तपासताना टेबलावरच सापडला, रेंजपर्यंत आला नाही. शेवटी तिनं विचारलं, "आजची काडतूस कधी भरलेली?"

"तू येणार म्हणून रजा घेतली होती ना, त्याच्या आदल्या रविवारी. सकाळी, आंघोळीनंतर, पोट भरलेलं असताना."

ती पहिल्यांदा हसली. "ओके," म्हणाली. "फाइन. पण तुझ्या रिव्हॉल्वरचा दांडा मला शॉर्ट पडणार."

रेंज ऑफिसरला जाऊन सांगितलं. त्यानं दोघींची सर्टिफिकेट्स बघितली, एकाच क्लबच्या मेंबर आहोत याची खात्री केली, माझं रिव्हॉल्वर उघडून बघितलं आणि होकार दिला.

माझं डिटेल पहिलं. मी स्वतःबद्दल उगाच नम्र राहणार नाही. मी चांगलं मारलं. फक्त शेवटच्या फेरीत एक शॉट डावीकडे सुटला आणि तो सुटतानाच मला कळला. लेनवरून बाजूला होताना रिव्हॉल्वर उघडं करून ठेवलं, ती आली, आणि मी तिच्या मागे, जरा बाजूला, चेहरा दिसेल अशी जाऊन उभी राहिले. दुर्बीण हातात होती, पण मी तिच्याकडेच बघत होते.

आपण भरलेलं काडतूस दुसऱ्याच्या हातात फुटतं तेव्हा कसं वाटतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. पहिला शॉट गेला. मला माझ्या कामाची खात्री होती. शंभर टक्के होती. पण माझी खात्री ही आतापर्यंत माझ्याच चेहऱ्यासमोर वापरली होती. आता तिथे तिचा चेहरा होता, चष्मा लावलेला, ओठ घट्ट मिटलेले, अगदी माझ्या आईसारखे. दुसरा शॉट. तिसरा. आवाज सगळे एकसारखे, एकाच हातानं दार लोटल्यासारखे. चौथ्या-पाचव्यापर्यंत मी आई राहिले नाही, नुसती बघणारी झाले. ती मस्त मारत होती. जलद फेरीत टार्गेट फिरून समोर आलं की तिचा हात असा सरळ वर यायचा की बघत राहावं. एकदाही टिक झाली नाही.

तिनं माझ्यापेक्षा जास्त पॉइंट्स मारले. माझ्या रिव्हॉल्वरनं, माझ्या काडतुसांनी, आणि दांडा शॉर्ट पडत असताना. आम्ही जोडीत दुसऱ्या आलो. पहिल्या आलेल्या जोडीतले दोघे काका अनेक वर्षं एकत्र मारताहेत. त्यातल्या एकानं येऊन मला विचारलं की तुझा लोड, म्हणजे दारूचं आणि गोळीचं माप, काय आहे. मी सांगितलं नाही. ज्यानं त्यानं आपल्या बंदुकीसाठी आपला शोधावा. पण विचारलं याचा आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

परतताना गाडी तिनं चालवली. एम-ट्वेंटीफाइव्हवर नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबला होता. मला वाटलं, आता ती म्हणेल की आई, तू बरोबर होतीस.

"म्हणजे बघ," ती म्हणाली, "आजचा डेटा काय सांगतो? की मी डबल ॲक्शनमध्ये टेस्ट करायला पाहिजे होता. अँड माय स्प्रिंग इज टू लाइट. रीलोडिंग इज बेटर, असं काही प्रूव्ह नाही झालं."

"तू माझ्या काडतुसांनी मला हरवलंस."

"एक्झॅक्टली. म्हणजे शूटर मॅटर्स."

पुढची गाडी हलली नाही म्हणून ती माझ्याकडे वळली. "पण थँक्यू," म्हणाली. "नाही म्हणालीस त्याच्यासाठी पण." मी तिच्या हातावर हात ठेवला, मग गाडी हलली आणि तिला गिअर टाकायचा होता म्हणून काढला.

एडिनबराला गेल्यावर तिनं पहिलं काम स्प्रिंग बदलायचं केलं. ट्रिगर जरा जड झाला, दोन महिने कुरकुरली, मग सवय झाली. काडतुसं ती अजूनही विकतच आणते, फक्त आता आधी एक डबी घेऊन दोन्ही तऱ्हांनी मारून बघते, आणि पसंत पडली तर त्याच बॅचच्या, आपल्या सर्टिफिकेटच्या मर्यादेत बसतील तेवढ्या डब्या उचलते. हे फार शहाणपणाचं आहे. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, असं मी तिला फोनवर सांगितलं.

माझ्याही वाट्याला विकतची काडतुसं आली. हिवाळ्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. इतकी वर्षं पेशंटचे जबडे वर धरून ठेवल्यावर हा सांधा तक्रार करणारच. हँड सर्जन माझ्याच हॉस्पिटलचा. त्यानं सांध्यात इंजेक्शन दिलं आणि प्रेसचा दांडा ओढायला मनाई केली. ट्रिगर दाबायला हरकत नव्हती. मी दुकानात गेले, लेकीच्या पद्धतीनं एक डबी घेतली, दोन्ही तऱ्हांनी मारून बघितली, आणि मग त्याच बॅचच्या बाकीच्या. काडतुसं उत्तम होती. माझ्या भरलेल्यांपेक्षा ग्रुप किंचित मोठा आला असेल, तोही मी दुर्बीण लावून शोधला म्हणून. रविवारी सकाळ मोकळी मिळाली. नवऱ्याबरोबर फिरायला गेले, एकदा ट्रेननं इल्फर्डला जाऊन मैत्रिणीकडे दुपारभर बसले. काही अडलं नाही.

तरी अंगठा बरा झाल्यावर मी पुन्हा वरच्या खोलीत गेले. विकतची वाईट म्हणून नव्हे. मला ते काम आवडतं म्हणून, एवढं साधं कारण आहे ते. हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली, कारण तोवर मी त्याला अचूकपणा, सुरक्षितता, बॅच वगैरे नावं देत होते. ती कारणंही खोटी नाहीत. पण थिएटरमधून मी लवकरच निवृत्त होणार आहे, आणि ज्या एका गोष्टीत माझे हात हुशार आहेत ती, पूर्ण लक्ष देऊन एकेक गोष्ट नीट करणं, मला सोडायची नाही.

ईस्टरला लेक घरी आली होती. शनिवारी सकाळी आपणहून वर आली, स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली. "दाखव," म्हणाली. मी तिला दांडा ओढायला दिला, केस मापात कशी येते ते दाखवलं. तिनं व्यवस्थित केलं. हात चांगले आहेत तिचे. प्रायमरचंही केलं. दारू मापायची वेळ आली तेव्हा मी बोलायची थांबले आणि तीही थांबली. अर्धा ट्रे झाल्यावर तिनं मान मोडून घेतली.

"आई, मला हे खूप बोअर होतं," ती म्हणाली. अगदी प्रेमानं म्हणाली.

"माहितीये," मी म्हणाले. "जा, बाबांना विचार चहा हवाय का."

ती खाली गेली. मी ट्रेमधल्या सगळ्या केसेस उलट्या केल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.